जीभ आणि नेचा

वनस्पतींच्या शास्त्रीय नावांच्या मराठीकरणाचा विषय निघाला, की व्युत्पत्ती म्हणजेच अर्थ, हे गृहीत धरूनच बहुतेक मंडळी बोलू लागतात. ग्रीक शब्द उकलला, त्याच्या जागी संस्कृत शब्द बसवला, की नाव समजले आणि आपलेही झाले, असा हा समज. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेची जीवाश्म जडवलेली कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि पुढच्या सातच दिवसांत साहनी निवर्तले. त्या संस्थेत दगडावर उमटलेले ‘ग्लॉसोप्टेरिस’चे पान पाहताना हा समज किती उथळ आहे, हे मला प्रथम नीट उमगले.

‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ, ‘प्टेरिस’ म्हणजे नेचा. १८२८ मध्ये ब्राँन्यारने हे नाव दिले तेव्हा त्याच्यापुढे केवळ पाने होती : आकार जिभेचा, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही अंगांना शिरांचे जाळे. त्यांना नेच्याची पाने मानणे त्या काळी गैरवाजवी नव्हते. पुढे १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एड्ना प्लमस्टेड यांनी पानांनाच जोडलेले बीजधारी अवयव प्रसिद्ध केले, आणि ही वनस्पती नेचा नव्हे, हे निर्विवाद होत गेले. नाव मात्र कायम राहिले. कारण नावाचे प्रयोजन गुणवर्णन नसून निर्देश आहे, असे नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आपल्या प्रास्ताविकातच बजावते. मग नावाऐवजी क्रमांकच का नको, असे विचारणाऱ्यांशी माझा वाद नाही. क्रमांकाला इतिहास नसतो, एवढेच त्यांना उत्तर.

वाद आहे तो भाषांतरकारांशी. त्यांनी ‘जिव्हानेचा’ म्हटले, तर जी चूक शास्त्राने केव्हाच टाकून दिली ती मराठीत नव्याने दाखल होते. ‘जिव्हापर्णी’ म्हटले, तर नेचा गुपचूप गाळला जातो, आणि ते भाषांतर न राहता दुरुस्ती होते. विद्यार्थ्याला परके नाव कळत नाही, ही तक्रार मी मनापासून ऐकतो. परंतु इंग्रज विद्यार्थ्याला तरी ग्रीक कुठे येते? तोही नाव शिकतो ते पान पाहून.

आपल्या शास्त्रकारांनी यौगिक, रूढ आणि योगरूढ असा भेद केला आहे, आणि माझ्या मते सारा प्रश्न तेथेच सुटतो. ‘पंकज’ योगरूढ आहे : सर्व चिखलजन्य वस्तूंना ते लागत नाही, पण कमळाविषयी ते खोटेही ठरत नाही. ‘कुशल’ रूढ आहे. दर्भ तोडणाऱ्याची आठवण त्यात कोणाला होत नाही. ‘ग्लॉसोप्टेरिस’चा पूर्वार्ध आजही योगरूढ आहे, उत्तरार्ध मात्र निखळ रूढ झाला आहे. भाषांतर होऊ शकते ते योगाचे; रूढीचे नव्हे. रूढी उचलावी लागते, जशीच्या तशी.

आपल्याकडून जगाने एक शब्द असाच उचलला. कामठीच्या खडकांत हे पान मुबलक सापडते. त्या गोंडांच्या मुलखाचे नाव भूशास्त्रज्ञांनी येथल्या खडकांना दिले आणि स्यूसने ते एका लुप्त महाखंडाला लावले. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या सोबत्यांनी अखेरपर्यंत टाकून न दिलेल्या सुमारे १६ किलो दगडांत हेच पान निघाले. ते ओळखणारे सीवर्ड हे केंब्रिजला साहनींचे गुरू. त्या हिमभूमीत ना गोंड, ना वन. तरी तीही गोंडवानाच.