किल्ली ठेवून जाताना

चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीतले ग्रंथ सर्वांचे. मुक्त सॉफ्टवेअरही तसेच, सर्वांचे. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात १९९६ पासून राबलेले जोई हेस, आपण ज्या कार्यात सामील झालो ते हे नव्हेच, आणि प्रकल्पाची घटनाच अनिष्ट वळण लावते आहे, अशी खात्री पटल्यावर, २०१४ साली सर्वांचे भले चिंतून बाहेर पडले. किल्ली ठेवून गेले. त्यांचा सारा कटुभाव मला पटतो असे नाही. पण त्यांनी लिहिलेली साधने इतरांच्या हाती तशीच चालू राहिली. आपणही कधी एखाद्या मंडळाला कंटाळाल. तेव्हा, मित्रहो, दफ्तर नीट लावा, हिशेब सुपूर्द करा, किल्ली ठेवून जा. दारात उद्याही कोणी उभा असेल, बगलेत वही घेऊन.