देवाने आमचाच का वाचविला?

संकट टळले की माणूस सहज बोलून जातो, "देवाने वाचविले." या बोलण्यात खोटे काही नाही. पण शेजारी ज्याचे संकट टळले नाही, त्याच्या कानाला ते कसे लागत असेल, याचा विचार आपण माळकरीसुद्धा फारसा करीत नाही. आम्हीही केला नव्हता. घरावर प्रसंग आला तेव्हा तो करावा लागला.

आमचे घर कामरगावचे, कारंजा तालुक्यातले. घरात तीन पिढ्यांची माळ. गेल्या पावसाळ्यात आमचा पुतण्या अमरावतीहून रात्री मोटारीने परत येत असता गाडी घसरली आणि झाडावर आदळली. डोक्याला जबर मार लागला, मांडीचे हाड मोडले. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने गाडी थांबविली, १०८ ला फोन लावला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आपल्या टॉवेलाने जखम दाबून भर पावसात तो पोराजवळ बसून राहिला. पोराच्याच मोबाईलवरून घरी खबर त्यानेच दिली. त्याचे नाव विचारायचे मात्र आमचे राहून गेले.

सहा दिवस पोर बेशुद्ध होते. त्या सहा दिवसांत आमची भक्ती किती पाण्यात आहे हे आम्हाला कळले. तोंडाने नाम चालले होते, पण मनात सौदा चालला होता. कोणी पायी वारी बोलले, कोणी अन्नदान बोलले. "एवढे दे, मग आम्ही तेवढे देऊ." सातव्या दिवशी पोराने डोळे उघडले. वहिनींनी हात जोडले आणि म्हणाल्या, "पांडुरंगाला आपली माळ दिसली हो!"

त्याच सकाळी शेजारच्या खाटेवरचा मुलगा गेला होता. आमची म्हातारी आई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "इठ्ठलानं आपला वाचोला म्हनता, त मंग थ्या माउलीचा काऊन नाही वाचोला? तिच्याही गळ्यात त माळच होती, बाप्पा."

वाचकहो, या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कोणी म्हणेल, ज्याचे त्याचे पूर्वकर्म. असेलही. पण कर्माचा सिद्धांत माणसाने आपल्या दुःखाला लावावा. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावणे हा निर्दयपणा आहे. आणि माळ घातली म्हणजे अपघात होत नाही, असे तर मुळीच नाही. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी नामदेवरायांची पालखी पंढरपूरहून आळंदीला निघालेली असता दिवे घाटात एक जेसीबी यंत्र दिंडीत घुसले. त्यात नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास आणि आणखी एक वारकरी यांचा अंत झाला. मुखी नाम होते, पाय वारीच्या वाटेवर होते. ते देवाचे नव्हते, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

याचा विचार करताना आमचे मन पुन्हा पुन्हा मंगळवेढ्याला जाते. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी केली. बादशहाचा कोप झाला, तेव्हा विठोबा विठू महार होऊन बेदरला गेला आणि धान्याची रक्कम भरून आला. दामाजीपंत वाचले. त्याच मंगळवेढ्यात, त्याच्याही पूर्वी, शके १२६० मध्ये गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांबरोबर गाडले गेले. त्यांच्यासाठी विठू धावला नाही. मग दामाजी देवाचे लाडके आणि चोखोबा परके, असे आपण म्हणतो काय? नाही. नामदेवरायांनी ढिगाऱ्यातली हाडे कानाशी धरली, ज्यांतून विठ्ठलनाम उमटले ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि त्यांची समाधी महाद्वारी बांधली. आजही नामदेवपायरीशी आपण तेथे डोके टेकवितो.

आमच्या बुद्धीला यातून एवढेच समजते. देव दामाजीपंतांसाठी महाराचे रूप घेऊन आला; तो त्या महाराच्याच भिंतीखाली त्याला सोडून कसा जाईल? हाडांतून नाम निघाले, म्हणजे देव तिथेच, ढिगाऱ्याखाली, त्याच्याबरोबर होता. देव वाचलेल्याच्या पक्षाचा नसतो. शेजारच्या खाटेपाशीही तो उभा होता. "वाचविले" हे आमच्या योग्यतेचे प्रशस्तिपत्र नाही; ते आमच्यावर चढलेले ऋण आहे.

हे ऋण फेडायचे कुणाचे? दामाजीपंतांनाही आपली रक्कम कोणी भरली ते आधी ठाऊक नव्हते. आम्हालाही आमचा ट्रकवाला ठाऊक नाही. म्हणून ते रस्त्यावरच्या प्रत्येकाला फेडले पाहिजे. अपघात दिसला की पुष्कळ जण पोलीस-कोर्टाच्या धास्तीने पुढे निघून जातात. ती धास्ती आता धरू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले आहे. सद्भावनेने मदत करणाराला त्याचे संरक्षण आहे. १०८ फिरवावा, रक्त थांबवावे, माणूस एकटा सोडू नये. दिंडीने रात्री चालताना पुढेमागे दिवा धरावा. आणि गाडी आपण चालवीत असू तेव्हा वेग आवरावा, कारण पुढे चालणाराही कोणाच्या तरी घरचा आहे.

बोललेली वारी आम्ही करणार आहोत, पण सौद्याची फेड म्हणून नव्हे. पोर वाचले नसते तर आमची माळ गळ्यात राहिली असती का, हे खरे सांगायचे तर आम्हाला सांगता येत नाही. म्हणूनच आईने आम्हाला आधी त्या दुसऱ्या माउलीच्या घरी नेले. तिथे देवाने वाचविल्याचे आम्ही एक अक्षर बोललो नाही. दोघी म्हाताऱ्या ओसरीवर नुसत्या हातात हात घेऊन बसल्या. निघताना ती माउली म्हणाली, "वारीले जासान, त माह्या पोराच्या नावानं बी एक पाऊल टाकजा."

ते पाऊल आम्ही आधी टाकणार आहोत.

रामकृष्णहरि.