मुलग्यांसमोर कोणता पुरुष?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मुलांना ‘खरा मर्द’ बनवणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती दिसू लागतात. पहाटेची थंड आंघोळ, चिखलातलं सरपटणं, रडणाऱ्याला शिक्षा आणि शेवटच्या दिवशी एखाद्या यशस्वी माणसाचं व्याख्यान. याला आता ‘मेंटॉरशिप’ म्हणतात. वाढत्या वयाच्या मुलाला जबाबदार पुरुष होण्यासाठी मोठ्या पुरुषाची सोबत हवी, हा विचार जुना आहे आणि खराही आहे. त्याच्या नावाखाली मुलांना निबर होण्याचा सराव दिला जातो, याचा मला मनापासून राग येतो. पुरुषाने मुलाला काय द्यावं, या प्रश्नाचं याहून कितीतरी चांगलं उत्तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच सापडलं होतं.

त्याआधीचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. मुंजीत मातृभोजन झालं की मुलगा आईच्या पानावरून उठे आणि गुरूच्या हाती जाई. अर्थात ही वाट मोजक्याच जातींना खुली होती. तालमीने बाकीच्या समाजाला वस्ताद दिला. लहुजी वस्तादांकडे जोतीराव दांडपट्टा शिकले. १९०७ साली बेडन-पॉवेलने ब्राउनसी बेटावर मुलांचं शिबिर भरवलं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या स्काउट चळवळीने गणवेश आणि शपथ आणली. या सगळ्यांत मोठा पुरुष मुलाला बळ देतो, शिस्त देतो, विद्या देतो. आजाऱ्याचं अंथरूण बदलणारा, दुसऱ्याचं उष्टं काढणारा पुरुष मात्र मुंजीच्या मांडवात दिसत नाही, तालमीच्या हौद्यातही दिसत नाही.

तो दिसला अमळनेरला. १९२४ साली साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, पसरलेलं सामान नीट लावत, मळलेले कपडे धुऊन टाकत. आजारी मुलाच्या उशाशी बसत. मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचं दैनिक लिहून काढत. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरेपर्यंत हे चाललं.

या काळाकडे आपण ‘मायाळू मास्तर’ म्हणून कौतुकाने पाहतो आणि पुढे जातो. मला वाटतं, सगळ्यांची चूक इथेच होते. गुरुजी मऊ मनाचे होते म्हणून त्यांनी हे केलं, असं मानलं की ती एका माणसाच्या स्वभावाची गोष्ट ठरते. पण गुरुजींच्या या वागण्यामुळे पुरुषाने मुलग्याला घडवण्याची रीतच बदलली होती. मोठा माणूस आज्ञा देणार आणि मुलगा राबणार, हा क्रम उलटला. जे काम घरात आई, बहीण किंवा कामवाली करते आणि जे मुलाच्या डोळ्यांना एरवी दिसतच नाही, ते आता शिकलेला, मान असलेला पुरुष त्याच्यासाठी करत होता. आपला शर्ट मास्तरांनी धुतला, हे कळल्यावर ज्या मुलाला लाज वाटली असेल, त्याला जबाबदारी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागलं नसेल.

हाच गैरसमज ‘श्यामची आई’च्या वाट्यालाही आला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आपण आईचं स्तोत्र म्हणून वाचतो. १९५४ साली अत्र्यांच्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आणि ते वाचन पक्कं झालं. मुलगा घडवायचा तो आईने, हा निष्कर्ष बापांना सोयीचाही होता. पण पुस्तकाची मांडणी पाहा. आश्रमातल्या तरुण सोबत्यांसमोर बसून एक पुरुष रात्रीमागून रात्री सांगतो आहे की माया कशी शिकलो. आणि ‘अळणी भाजी’ आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील तिला ते जाणवू न देता जेवतात आणि मुलं त्यांच्याकडे पाहून तसंच करतात. या प्रसंगी मुलांना शिकवणारे वडील आहेत, हे आपल्या लक्षातच येत नाही.

गुरुजींची मर्यादाही सांगायला हवी. चूल आणि शेण-पोतेरं बाईकडेच का, हा प्रश्न त्यांच्या श्यामला पडत नाही. तो विचारायला स्त्रीमुक्ती चळवळ यावी लागली. बायकोला मारणं ज्यांना मान्य नाही अशा पुरुषांनी पुढे यावं, असं आवाहन १९९१ साली एका पत्रकाराने वर्तमानपत्रातून केलं आणि त्यातून १९९३ साली मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. पुढे तिने महाविद्यालयीन मुलांमध्ये ‘युवा मैत्री’ चालवली. मुंबईतच ‘परिवर्तन’ उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांनी मुलांशी मुलींच्या सन्मानाबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यासाठी आधी प्रशिक्षकांनाच शिकावं लागलं. ही बाहेरून आणलेली फॅशन आहे, असं म्हणणाऱ्यांनी अमळनेर विसरू नये. या संस्था-उपक्रमांच्या कामाबद्दल मला आदर आहे. तरी एक खंत आहे: त्यातलं बरंचसं बोलण्यावर चालतं. गटचर्चा होते, नाटक होतं, मुलं योग्य उत्तरं शिकतात. चर्चा घेणाऱ्या दादाला ताट घासताना मात्र ती क्वचितच पाहतात. सोळा वर्षांच्या मुलाला बोलणं आणि वागणं यांतलं अंतर फार लवकर कळतं.

म्हणून मार्गदर्शक शोधायला लांब जायची गरज नाही. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची मुलांची वसतिगृहं राज्यभर आहेत आणि तिथे गृहपाल हे पद आहे. घर सोडून आलेला मुलगा ज्या पुरुषाला रोज सकाळ-संध्याकाळ पाहतो, तो हा. आपण त्याला हजेरीपट, किराणा आणि तक्रारी सांभाळणारा कारकून करून ठेवलं आहे. मुलग्यांसाठी काही करू पाहणाऱ्या संस्थांनी आणि सरकारने पहिला पैसा आणि पहिलं प्रशिक्षण या गृहपालाला द्यावं. त्याच्याकडची कागदपत्रं दुसऱ्या कुणावर सोपवावीत आणि त्याला मुलांबरोबर राहू द्यावं, स्वयंपाकघरात आणि आजाऱ्याच्या खोलीतसुद्धा.