प्रगतिपुस्तकाखाली सही कुणाची?

१ जूनला महाराष्ट्रात जितक्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस असतो तितका दुसऱ्या कुठल्याच तारखेला नसावा. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी खेड्यात कुणीतरी काका-मामा पोराला शाळेत घालायला आणायचा. जन्मतारीख विचारली की "पोळ्याच्या आसपास", "मोठा पूर आला त्या साली" अशी उत्तरं यायची. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून गुरुजी वय बसेल असं साल धरून पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या आजोबांचा वाढदिवस असाच गुरुजींनी दिलेला. त्याच तारखेने ते एसटीच्या चिकलठाणा कार्यशाळेत लागले आणि त्याच तारखेने निवृत्तही झाले. खरा वाढदिवस श्रावणातला असावा असं पणजी म्हणायची, पण श्रावणाला कागद नव्हता.

आजोबांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा हा शाळेचा वाढदिवस आम्ही दणक्यात करायचं ठरवलं. म्युनिकला राहणारी माझी चुलत बहीण, म्हणजे ताई, लेकीला घेऊन आली. तिकडे मेच्या शेवटी शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते, ते बरोबर जुळून आलं. भाची दहा वर्षांची, चौथीत. सिडकोतल्या घरात एकेचाळीस डिग्रीत तीस माणसं, दोन कूलर आणि वरणबट्टी. अशा ठिकाणी मुलांना काय विचारतात हे सांगायला नको.

"गणितात किती पडले गं?" आत्याने विचारलं.

"तीन."

आत्या जरा थांबली. "किती पैकी?"

"सहापर्यंत असतात."

"असू दे, पन्नास टक्के तरी आहेत," आत्या समजुतीच्या सुरात म्हणाली. मग ताईने सांगितलं की तिकडे एक म्हणजे सर्वात चांगला आणि सहा म्हणजे नापास. सगळे हसले. ताई मात्र फारशी हसली नाही. त्याचं कारण रात्री गच्चीवर कळलं.

म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे, तिथे चौथीच्या वर्षात, मेच्या सुरुवातीला, प्रत्येक मुलाला एक दाखला मिळतो. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते. ती २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल 'गिम्नाझियम'ला जाऊ शकतं, जिथून सरळ विद्यापीठाची वाट आहे. २.६६ पर्यंत असेल तर 'रेआलशूल'. त्यापुढे 'मिटेलशूल', जिथून बहुतेक मुलं एखादा हुन्नर शिकायला कारखान्यात किंवा दुकानात जातात. भाचीला जर्मनमध्ये तीन, गणितात तीन, परिसर अभ्यासात दोन. बेरीज आठ, भागिले तीन, २.६६. तीनपैकी कुठल्याही एका विषयात एकच पायरी वर असती तर सात भागिले तीन, २.३३. घरी मराठी, शाळेत जर्मन आणि शेजाऱ्यांशी इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला जर्मनमध्ये तीन मिळाला आणि त्या तिनाने तिची शाळा ठरली.

"दहाव्या वर्षी?" मी विचारलं. ताई म्हणाली, "दहाव्या वर्षी."

दुसऱ्या दिवशी ही बातमी घरभर झाली आणि एकमुखी निकाल लागला, लेकराला इकडं घेऊन ये. इथे असं कुणी ठरवत नाही. इथे मूल दहावीपर्यंत झोपलं आणि बारावीत जागं झालं तरी डॉक्टर होऊ शकतं. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर भाचीने तिच्या जर्मन वळणाच्या मराठीत एक साधा प्रश्न विचारला, "मग इथे कोण ठरवतं?"

मामा म्हणाला, "कुणीच नाही, बेटा. तुला पाहिजे ते तू होऊ शकतेस."

तेव्हा दादा हसला. दादा माझा दुसरा चुलतभाऊ. दहावीनंतर तो चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये गेला. केंद्र सरकारने जर्मनीच्या सहकार्याने उभारलेली ही संस्था आमच्या शहरात नुसती 'इंडो-जर्मन' म्हणून ओळखली जाते. तिथे तो डाय आणि टूल बनवायला शिकला, पुण्यात नोकरी केली आणि आता वाळूजला त्याचा स्वतःचा छोटा वर्कशॉप आहे. कमाई माझ्यापेक्षा कमी नाही. तरी नातेवाइकांत माझी ओळख "हा आपला इंजिनिअर" अशी होते आणि त्याची "याचं वाळूजला काहीतरी आहे" अशी. जर्मनीत अशा माणसाला 'माइस्टर' म्हणतात आणि ती पदवी लोक अभिमानाने दुकानाच्या पाटीवर लावतात. आम्ही जर्मनीकडून यंत्रं घेतली, शिकवण्याची पद्धत घेतली, पण तो मान काही आला नाही.

भाचीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. दर वर्षी लाखो मुलं कुठे जाणार हे ठरतं, मग ते ठरवणारं कुणीच नाही असं कसं होईल?

आपल्याकडेही दहाव्या-अकराव्या वर्षी चाळणी लागते. नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा पाचवीतली मुलं देतात. जिल्ह्याला साधारण एक शाळा आणि तिथे सहावीला ८० जागा. आमच्या जिल्ह्याचं नवोदय कन्नडला आहे. त्या ८० मुलांचं बहुतेकदा भलं होतं, त्यात वाद नाही. पण बाकीच्या हजारोंना त्या परीक्षेने काय सांगितलं? काहीच नाही. ती आपापल्या जिल्हा परिषद शाळेत परत गेली. पुढे तीच गोष्ट मोठ्या आकड्यांत होते. २०२४ साली 'नीट'ला २३ लाखांहून जास्त मुलं बसली, तेव्हा देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. बाकीच्या बावीस लाखांसाठी व्यवस्थेकडे वाक्य एकच, पुढच्या वर्षी पुन्हा बसा. बव्हेरियाची पद्धत मला क्रूर वाटते. पण ती निदान प्रत्येक मुलाला कुठेतरी पोचवते. ज्याला गिम्नाझियम नाही त्यालाही एक इमारत आणि एक अभ्यासक्रम असतो, आणि पुढे पगार घेत हुन्नर शिकण्याची सोय असते. आपली चाळणी वरचे उचलते आणि खाली काय पडलं ते बघत नाही.

याहून मोठा फरक मला सहीचा वाटतो. भाचीच्या दाखल्यावर तारीख आहे, शिक्का आहे, सही आहे. कुणीतरी माणसाने म्हटलं आहे की माझ्या मते या मुलीने रेआलशूलला जावं. असा निर्णय चुकीचा असू शकतो, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येतं. सरासरी कमी पडलेल्या मुलाला गिम्नाझियममध्ये तीन दिवस चाचणीच्या वर्गांना बसता येतं. सबंध पद्धतीशीच भांडणारेही तिथे आहेत. डिसेंबर २००१ मध्ये 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले आणि मुलाचं यश आईबापाच्या परिस्थितीला जर्मनीत किती घट्ट बांधलेलं आहे हे दिसलं, तेव्हा तो देश हादरला होता. बर्लिनमध्ये आजही प्राथमिक शाळा सहा वर्षांची आहे, म्हणजे हाच देश दुसऱ्या राज्यात दोन वर्षं जास्त थांबतो.

आपल्याकडच्या निर्णयाखाली सही कुणाची असते? फी न झेपल्यामुळे क्लास सोडलेल्या मुलाच्या, लातूरला खोली करून राहणं परवडत नाही म्हणून गावातच बारावी केलेल्या मुलीच्या कागदावर कुणाचीच सही नसते. मग ती जागा मूल स्वतः भरतं. 'मीच अभ्यास केला नाही.' दार उघडंच होतं असं सांगितलेलं असलं की आत न जाऊ शकलेल्याने दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायचं? मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली 'मेरिटॉक्रसी'वर पुस्तक लिहिलं ते उपहास म्हणून. त्याची भीती हीच होती, की गुणवत्तेच्या राज्यात खाली राहिलेल्याला 'जग अन्यायी आहे' एवढं समाधानही उरणार नाही. गंमत म्हणजे लोकांनी त्याचा शब्द उचलला आणि उपहास सोडून दिला.

मराठीत तर हे आणखी सोपं आहे. 'गुण' म्हणजे मार्क आणि 'गुण' म्हणजे माणसातलं चांगलं, दोन्हीला शब्द एकच. कमी गुण मिळालेलं मूल कमी गुणाचं, हे आपल्याला वेगळं बोलावंच लागत नाही.

तरीही दहाव्या वर्षाचा निर्णय मला मान्य होत नाही, आणि त्याला कारण आजोबांचे थोरले भाऊ. ते आजोबांपेक्षा नऊ वर्षांनी मोठे, निजामाच्या राज्यात शिकलेले. तेव्हा वरच्या इयत्तांचं माध्यम उर्दू, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही १९१८ पासून उर्दूतच शिकवणारं. थोरले आजोबा वर्गात पहिले यायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, पुढे माध्यम बदलत गेलं, आणि उर्दूत हुशार असलेला मुलगा मराठीत मठ्ठ ठरला. मुलगा तोच, डोकं तेच. त्यांनी शाळा सोडली आणि मोंढ्यात दिवाणजी झाले. मराठीतून सुरुवात केलेले माझे आजोबा मॅट्रिक झाले आणि 'शिकलेला भाऊ' म्हणवले गेले. शाळा मुलाला मोजते असं आपण समजतो. बऱ्याचदा ती शाळेची भाषा घरात किती पोचली आहे तेवढंच मोजते. भाचीच्या जर्मनमधल्या तिनाबद्दल ताई सांगत होती तेव्हा मला थोरले आजोबाच दिसत होते.

माझ्या कामात नवीन बदल सर्व्हरवर चढवण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो. बिघडलं तर मागे कसं यायचं? त्याचं उत्तर नसेल तर बदल कितीही चांगला असला तरी थांबवतात. मुलांच्या वर्गवारीला मी हाच प्रश्न लावतो. कोणत्या वयात ठरवलं यापेक्षा ठरवलेलं फिरवायला किती खर्च येतो आणि तो कोण भरतं, हे मला जास्त नैतिक वाटतं. बव्हेरियात रेआलशूलनंतर आणखी दोन-तीन वर्षांच्या शाळेतून विद्यापीठाकडे जाता येतं आणि सरकारी शाळेला फी नाही. ती वाट लांबची आहे, पण आहे. आपल्याकडे मागे फिरण्याचा खर्च बाप भरतो, जमीन विकून किंवा फंडातून उचलून. ज्याच्याकडे विकायला काही नाही त्याला आपण 'सगळे रस्ते मोकळे आहेत' म्हणतो, तेव्हा ते मला आशा दाखवल्यासारखं वाटत नाही, अंगावरची जबाबदारी झटकल्यासारखं वाटतं.

मी स्वतः या मोकळ्या रस्त्याने आलो. पाचवीत मला पंचावन्न टक्के होते. बव्हेरियात असतो तर आज कदाचित दादाच्या शेजारी लेथवर उभा असतो. लोक हे वाक्य आपल्या पद्धतीच्या बाजूने वापरतात. पण त्यात लेथवर उभं राहणं ही शिक्षा आहे असं गृहीत धरलेलं असतं, आणि दादाच्या तोंडावर ते बोलायची माझी तयारी नाही.

ताई परत गेली. भाची सप्टेंबरपासून रेआलशूलला जाऊ लागली. ताईने तीन दिवसांच्या चाचणीला तिला बसवलं नाही. मुलीनेच विचारलं म्हणे, "माझी मैत्रीणपण रेआलशूलला चाललीय, मग मी का नको?"

इकडे दादाला वर्कशॉपसाठी दोन मुलं हवी होती. आयटीआय किंवा टूल रूमवाली, असं त्याने कळवून ठेवलं होतं. नऊ जण आले, त्यातले सहा बीई झालेले. त्यांतल्या चौघांनी लेथ कॉलेजच्या प्रॅक्टिकलनंतर पाहिलेला नव्हता. त्याने एकाला ठेवून घेतलं. पगार वगैरे ठरल्यावर मुलाने विचारलं, कार्डावर हेल्परऐवजी 'ट्रेनी इंजिनिअर' लिहाल का, घरी दाखवायचंय. दादाने लिहून दिलं आणि खाली सही केली.