वावर, वाघ आणि वरची नजर

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हिंगणी हे बोर धरणाच्या वाटेवरचं गाव. एकीकडे पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. दुसरीकडे बोरचं जंगल. या जंगलाला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून रात्री जागलीला जाणारा इथला शेतकरी आकाश पुष्कळ पाहतो. आकाशातून त्याच्याकडे किती पाहिलं जातं, याचा विचार मात्र आता कुठे सुरू झाला आहे.

आणि पाहिलं जातं ते थोडंथोडकं नाही. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी याच धुऱ्यांवरून जातात आणि दहा मीटर बाय दहा मीटरचा एकेक तुकडा टिपतात. भारताची या क्षेत्रातली वाटचालही जुनी आहे: आयआरएस-१ए हा आपला पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह मार्च १९८८ मध्ये सोडला गेला. अशा चित्रांवर काम करणारी दोन केंद्रं, एक इस्रोचं आणि एक राज्य सरकारचं, नागपुरात आहेत. म्हणजे हिंगणीहून सकाळी निघालेला माणूस काम उरकून संध्याकाळी घरी परतू शकेल इतक्या अंतरावर. तरीही अवकाश संशोधन म्हटलं की गावात आठवतं ते चांद्रयानच. त्यात वावगं काही नाही. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी ‘विक्रम’ लँडर चंद्रावर उतरताना इस्रोचं यूट्यूब प्रक्षेपण एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक पडद्यांवर चालू होतं. पण चंद्रावरच्या त्या चार पायांपेक्षा शेतकऱ्याच्या पैशाशी जास्त संबंध आहे तो डोक्यावरून निमूट फिरणाऱ्या या यंत्रांचा.

विदर्भाला अवकाशाची थेट गाठ पडली ती २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी. पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटत्या रेघा सरकत गेल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. परिसरात पुढे धातूचे गोळेही सापडले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, शत्रूचा उपग्रह: मोबाईलवर तासाभरात सगळं फिरून झालं. आणि त्याच मोबाईलवर, त्याच रात्री, उत्तरही आलं. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने हे फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी ‘चांग झेंग-३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं लिहिलं. इस्रोचं पथक नंतर येऊन अवशेष पाहून गेलं. हजारो मैलांवरच्या माणसाला हे सांगता आलं, कारण कक्षेत फिरणाऱ्या हजारो तुकड्यांची आकडेवारी वेबवर ठेवलेली असते आणि नोंदणी करून कुणालाही ती पाहता येते. अफवा आणि खुलासा एकाच तारेवरून येतात. फरक एवढाच की खुलाशाला आधी कुणीतरी माहितीचं कुलूप काढून ठेवावं लागतं.

हे कुलूप कसं निघालं, याचा इतिहास रॉकेटांच्या इतिहासाइतका कुणी रंगवून सांगत नाही. युरोपातल्या सर्न या संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांना मोफत खुलं केलं. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक १ मे २००० च्या रात्री बंद झाली. तोवर ही चूक शंभर मीटरपर्यंत जाई, आणि शंभर मीटर म्हणजे विदर्भातल्या लहान शेतकऱ्याच्या बाबतीत सरळ शेजाऱ्याचं वावर. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या गटात उभा राहून पिकाचा फोटो अपलोड करतो. कुठल्याशा तिऱ्हाईत देशाने ती चूक काढली नसती, तर हा फोटो कुणाच्या सातबाऱ्यावर चढला असता कोण जाणे. अमेरिकेच्याच लँडसॅट उपग्रहाच्या एकेका चित्राला पूर्वी सुमारे सहाशे डॉलर मोजावे लागत. २००८ मध्ये ती चित्रं फुकट झाली आणि दिवसाला डझनावारी जाणारी चित्रं हजारांनी जाऊ लागली. भारताने ‘भुवन’ हे नकाशांचं पोर्टल २००९ मध्ये उघडलं. २०२३च्या अवकाश धोरणात तर पाच मीटर किंवा त्याहून ढोबळ तपशिलाची सरकारी उपग्रहचित्रं मोफत देण्याचं तत्त्वच नोंदवलं आहे.

मग सगळंच खुलं करून टाकावं का? जंगलाच्या काठावर राहणारा माणूस या प्रश्नाला पटकन हो म्हणणार नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या एका नर वाघाला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो चालत चालत तेलंगणाची हद्द ओलांडून परत आला आणि शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर. ती मोजली गेली उपग्रहामार्फत येणाऱ्या ठावठिकाण्यांवरून. अशा वाघाचा ताजा ठावठिकाणा वेबवर मांडणं म्हणजे शिकाऱ्याच्या हाती पत्ता देणं. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका कॉलर लावलेल्या वाघाची माहिती ज्या ई-मेल खात्यात येत होती, ते खातं पुण्याहून उघडण्याचा प्रयत्न झाल्याची बातमी आली होती. सर्व्हरने तो अडवला. वाघाचा ठावठिकाणा झाकलेलाच हवा, यात दुमत असायचं कारण नाही.

वावराचं मात्र तसं नाही. २०२३च्या खरिपात महाराष्ट्राच्या पीक विम्यात भात, कापूस आणि सोयाबीन या पिकांसाठी दूरसंवेदनावरून काढलेल्या उत्पादनाला ३० टक्के वजन देण्यात आलं. उरलेले ७० टक्के पीक कापणी प्रयोगाचे. म्हणजे भरपाईच्या हिशेबात उपग्रहाला प्रथमच मोठं मत मिळालं. हिशेब मात्र महसूल मंडळाचा. उपग्रह दहा मीटरचा तुकडा वेगळा पाहू शकतो आणि योजना अशा सगळ्या तुकड्यांची सरासरी काढून अनेक गावांवर पसरवते. नाल्याकाठच्या ज्या शेतकऱ्याचं पीक खरडून गेलं, तो या सरासरीत बुडतो. ही मर्यादा यंत्राची नाही, ती कागदावर ठरवलेली आहे.

दुसरी अडचण खुद्द कापसातच आहे. वरून दिसतं ते पान. बोंडात काय आहे ते दिसत नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला तेव्हा हिरव्यागार पऱ्हाटीवरची बोंडं आतून किडलेली होती. हिरवेपणावरून उत्पादन मोजणाऱ्या गणिताला अशा वेळी कुणीतरी ‘साहेब, बोंड फोडून पाहा’ असं म्हणायला हवं. ते म्हणायचं तर आधी आपल्या वावराबद्दल वरून काय लिहिलं गेलं, हे शेतकऱ्याला दिसायला हवं. गट नंबर टाकला की त्या हंगामातली चित्रं तारखेनिशी समोर यावीत, काढलेला अंदाज दिसावा, आणि खाली हरकतीची जागा असावी. मराठीत. कमकुवत रेंजवर उघडेल इतक्या हलक्या पानावर. हे तंत्र अवघड नाही. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला तर नाहीच नाही.

यंत्र साध्या माणसाला वापरता यावं, हा आग्रह वर्ध्याच्या मातीत नवा मुळीच नाही. गांधीजी इथल्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले १९३६ मध्ये. त्याआधी १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी आजच्या अभियंत्यांनी वाचाव्यात अशा आहेत. यंत्र हलकं हवं, साध्या झोपडीत चालायला हवं, बाईला आठ तास फारसा शीण न होता चालवता यायला हवं, किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी आणि किरकोळ दुरुस्तीवर वीस वर्षं टिकायला हवं. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण यंत्राचं मोजमाप वापरणाऱ्याच्या घरापासून सुरू करायचं, ही दिशा त्यात होती. गमतीचा भाग असा की गांधीजींचा अहमदाबादचा आश्रम पैशाअभावी बंद पडायच्या बेतात असताना तेरा हजार रुपये देऊन गेलेले गिरणीमालक म्हणजे अंबालाल साराभाई, आणि भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया घालणारे विक्रम साराभाई हे त्यांचेच चिरंजीव. विक्रमभाईंनाही उपग्रह हवा होता तो शेतकी, शिक्षण आणि हवामानासाठी. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली, ती त्यांच्याच कल्पनेतून. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून नासा आणि इस्रो यांचा संयुक्त उपग्रह ‘निसार’ सुटला. त्याचं रडार ढगांतून आरपार पाहतं, आणि खरिपात ढगच तर चित्र झाकतात. दर बारा दिवसांनी तो तीच जमीन पुन्हा मोजणार, मातीतल्या ओलाव्याचाही अंदाज देणार आणि ही माहिती मोफत ठेवणार असं दोन्ही संस्थांनी जाहीर केलं आहे. ती उतरवून घ्यायला लागणारा संगणक आणि इंग्रजी हिंगणीत फार थोड्यांकडे असेल. नागपूरच्या केंद्रांना ते काम जमण्यासारखं आहे.