फुलपाखरू आणि बेलाचे पान

सौंदर्याच्या दर्शनाने मनुष्य अधिक चांगला होतो, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वकिलीत वीस वर्षे काढल्यावर या विधानाविषयी आम्हांस शंका वाटू लागली आहे. गाण्यावर आणि फुलांवर मनापासून प्रेम करणारी, परंतु शेजाऱ्याच्या वहिवाटीच्या वाटेवर निःशंकपणे कुंपण घालणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांत आमचीही गणना करावी लागेल, हे मात्र गेल्या वैशाखापर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते.

उन्हाळ्याच्या सुटीत लोक महाबळेश्वरास जातात. आम्ही सहकुटुंब आदिलाबादेस गेलो. आमचे एक आप्त तेथे नोकरीस आहेत, एवढेच निमित्त. पैनगंगा ओलांडली की हा जिल्हा लागतो. 1948 पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता, 1956 साली आंध्र प्रदेशात गेला आणि 2014 पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, तरी बाजारात तेलुगू, गोंडी आणि उर्दू यांच्या जोडीने मराठी आजही कानांवर पडते. सह्याद्रीची सातमाळा नावाची शाखा येथवर येऊन पोहोचते. डोंगर फार उंच नाहीत. सागाच्या रानाने मात्र ते भरले आहेत. वैशाखात साग निष्पर्ण होतो आणि त्या करड्या रानात बहावा तेवढा पिवळ्या घोसांनी लगडलेला असतो.

एके दिवशी सकाळी आम्ही कुंतला धबधब्यावर गेलो. कडेम नदी तेथे सुमारे 45 मीटर खाली उडी घेते. जवळच्या कपारीत शंकराचे स्थान असून महाशिवरात्रीस तेथे भाविक जमतात. उन्हाळ्यात धबधब्याची धार अगदी बारीक होते आणि खाली खडकांमध्ये डबकी उरतात. अशा एका डबक्याच्या काठी ओल्या वाळूवर पांढरट पिवळ्या पाकळ्या सांडल्यासारखे काही दिसले. आमची नऊ वर्षांची पुतणी पुढे धावली, तशा त्या साऱ्या पाकळ्या एकदम उडाल्या आणि क्षणभराने पुन्हा त्याच जागी उतरल्या. शेकडो फुलपाखरे होती ती! इंग्रजीत त्यांस ‘कॉमन एमिग्रंट’ म्हणतात. ओल्या मातीतील क्षार शोषण्यासाठी ती अशी जमतात. त्यांत बहुतेक नरच असतात, आणि समागमाच्या वेळी हा क्षारांचा साठा ते मादीच्या स्वाधीन करतात. त्यातला अंश पुढे अंड्यांत उतरतो. चिखलात बसलेला हा समुदाय, म्हणजे, पुढच्या पिढीची शिदोरी बांधीत असतो.

आम्ही तासभर तेथे बसलो. जाळे नाही, डबी नाही, केवळ पाहणे. कोणाचेही काही न घेता मिळालेला हा आनंद अत्यंत निर्दोष आहे, असे आम्ही सौभाग्यवतींस म्हणालोदेखील.

परत येताना वाटेवर गुरे राखणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. पुतणीने त्यांना उत्साहाने फुलपाखरांचे वर्तमान सांगितले. ते मराठीतच म्हणाले, “यांच्या अळ्या पाहिल्या का बाई? त्या बहाव्याची पानं बघ.” आम्ही पाहिले. ज्या झाडाच्या घोसांचे आम्ही जाताना कौतुक केले होते, त्याच्या कोवळ्या पालवीवर हिरव्या अळ्या निवांत चरत होत्या. काही डहाळ्यांच्या तर नुसत्या शिराच उरल्या होत्या. आम्ही नकळत एक पाऊल मागे घेतले. पुतणीने विचारले, “काका, आपल्या देवळातल्या बेलावर होत्या, त्या अशाच ना?”

आता येथे आम्हांस एक कबुली देणे भाग आहे. आमच्या देवस्थानच्या समितीवर आम्ही काही वर्षे आहोत. गेल्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर अंगणातील बेलावर अळ्या पडल्या. लिंबू, कढीलिंब आणि बेल ही एकाच कुळातील झाडे. काळ्यावर पिवळे ठिपके असलेले जे ‘लाइम’ फुलपाखरू आपल्या परसात येते, त्याची मादी या झाडांवर अंडी घालते. अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पुढे हिरवी होते. औषध फवारण्याचा ठराव आला. त्याचा मसुदा आम्ही केला आणि खाली आमची सही आहे. तिसऱ्या दिवशी झाडाखाली मेलेल्या अळ्या पडल्या होत्या; झाडणाऱ्या बाईने त्या केरात भरल्या. पुतणी ते पाहत उभी होती, हे आम्हांस आता आठवले.

म्हणजे कुंतलाच्या काठी ज्याला आम्ही निर्दोष आनंद म्हणत होतो, त्याची किंमत कोणीतरी आधीच चुकती केली होती. ती बहाव्याने आपल्या पानांनी दिली होती. आणि ज्याने ते झाड आहे तसे राहू दिले, त्यानेही दिली होती. आमच्या दारी तीच किंमत मागितली गेली, तेव्हा आम्ही फवारणीचा पंप मागविला.

यावर आक्षेप घेता येतील आणि ते क्षुल्लक नाहीत. ज्या शेतकऱ्याची लिंबाची कोवळी रोपे हीच अळी फस्त करते, त्याने काय करावे? आमचे उत्तर असे की, त्याने आपली रोपे राखावीत. पोटाचा प्रश्न आणि शोभेचा प्रश्न यांना एकच मोजमाप लावणे न्यायाचे नव्हे. दुसरा आक्षेप आमच्या पुजारीबुवांचा. शिवाला वाहावयाचे पान त्रिदल आणि अखंड असावे, कुरतडलेले चालत नाही. हे आम्हांस मान्यच आहे. परंतु देवाला अखंड पान हवे, याचा अर्थ झाडावरील प्रत्येक पान अखंड हवे, असा होत नाही. जुन्या, थोर बेलास हजारो पाने असतात आणि अळ्यांनी खाल्लेल्या डहाळीस पुन्हा पालवी फुटते. अखंड पाने निवडण्याचा त्रास वाचावा म्हणून आम्ही विष फवारले, आणि वर त्यास देवकार्य म्हटले.

कायद्याच्या दृष्टीने अळीची बाजू दुबळी आहे. जो बोलू शकत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने उभे राहण्याची सोय कायद्यात आहे. अज्ञान बालकासाठी आहे, तशीच देवाच्या मूर्तीसाठीही. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने मलिक कुटुंबाच्या दाव्यात देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे आणि तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, असे सांगितले. म्हणून देवळाचा बेल देवाच्या मालकीचा ठरतो. अळीचा मात्र कोणी वकील नाही. तरीही, ज्याचा हक्क सिद्ध होत नाही त्याच्याविषयी आपले कर्तव्यही नाही, असे अनुमान काढणे ही आमच्या धंद्यातील माणसांची जुनी खोड आहे. आपल्या पूर्वजांनी पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आणि गृहस्थाच्या अन्नात श्वान, काक आणि कृमी यांचा भाग ठेवला. कृमीने तो मागितला नव्हता, आणि तो सुंदर आहे म्हणूनही ठेविलेला नव्हता. तो घरात आपल्याबरोबर जगतो, एवढेच कारण पुरेसे मानले गेले. आमच्या घरी वैश्वदेव आजोबांपर्यंत चालला. आम्ही त्यास कालबाह्य विधी समजून सोडून दिले, आणि त्याबरोबर त्यातील विचारही सोडला.

म्हणून सौंदर्यदर्शनाविषयी आमचे मत आता असे झाले आहे की, ते मनुष्यास आपोआप चांगले करीत नाही. ते त्याच्यावर एक ऋण ठेवते. ते फेडावयाचे असेल तर जेथे सौंदर्य नाही, तेथे फेडावे लागते. फुलपाखरास आपण काहीच देऊ शकत नाही. द्यावयाचे ते अळीस, आणि तेही ती डोळ्यांस नकोशी वाटत असताना.

आषाढात समितीची सभा झाली. फवारणीचा विषय पुन्हा आला. ठराव लिहिणारेच त्याविरुद्ध बोलू लागल्यामुळे सभासद थोडे हसले आणि ते रास्तच होते. पाने हाताने निवडावीत, आणि स्वयंपाकघरामागील लिंबाच्या रोपावर अळ्या आल्या तर त्या उचलून बेलावर सोडाव्यात, असे आम्ही सुचविले. वाद पुष्कळ झाला. अखेर ठराव मंजूर नाही की नामंजूर नाही. वर्षापुरता तहकूब झाला.

यंदा श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पहाटे आम्ही, सौभाग्यवती आणि पुतणी पाने निवडावयास बसलो. नेहमीपेक्षा तासभर अधिक लागला. एका डहाळीवर पुतणीने हिरवी अळी दाखविली. खरे सांगावयाचे, तर ती आम्हांस अजूनही सुंदर वाटली नाही. आम्ही ती डहाळी तशीच राहू दिली आणि पलीकडची फांदी वाकविली.