उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या

भाकरी कुणी सुरीने कापत नाही, ती हाताने मोडायची. मोडली की एक तुकडा समोरच्याच्या पानात आपसूक जातो. मराठी बायबलात पाच भाकरी आणि दोन माशांची कथा वाचताना मी दरवेळी त्या मोडण्यापाशी थांबतो.

येशूचे पुनरुत्थान सोडले, तर चारही शुभवर्तमानांत आलेला हा एकच चमत्कार. गालील समुद्राजवळची ओसाड जागा, दिवस कललेला, नुसते पुरुषच 5,000. लोकांना गावांकडे पाठवा, विकत घेऊन खातील, असे शिष्य सुचवतात. येशू म्हणतो, तुम्हीच त्यांना जेवू घाला. शिष्यांपैकी फिलिप्प हिशेब मांडतो : 200 दीनार, म्हणजे मजुराची 200 दिवसांची कमाई, तरी पुरायचे नाही. हिशेब चोख आहे. दुसरा शिष्य अंद्रिया एका मुलाकडे बोट दाखवतो. त्याच्याजवळच्या भाकरी जवाच्या, गरिबाघरच्या.

पुढे भाकरी वाढल्या कशा, ते चौघा शुभवर्तमानकारांपैकी एकही सांगत नाही. मुलाचे पाहून इतरांनीही लपवलेल्या शिदोऱ्या सोडल्या, असा एक खुलासा काही जण करतात. पण त्या शिदोऱ्या कथेत नाहीत, आपण त्या बाहेरून आणतो. आणि ‘कसे’ यातच गुंतलो, की कथेने जे निगुतीने सांगितले ते निसटते. चौघांपैकी मार्क सांगतो, गवत हिरवे होते. लोक शंभर-शंभर, पन्नास-पन्नासांच्या पंगतींनी बसले. भुकेल्यांना आधी नीट बसवले, मग वाढले.

मार्कने ही पंगत हेरोद राजाच्या मेजवानीला लागून ठेवली आहे. तिथे सरदार आणि गालीलातले मातब्बर निमंत्रित. शेवटी तबकातून येते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर. राजवाड्यात अन्नाची ददात नव्हती, तरी तिथे एका माणसाचा जीव स्वस्त झाला. माळावर पाचच भाकरी होत्या आणि कुणीही परका ठरला नाही.

सगळे तृप्त झाल्यावर येशू सांगतो : उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. ज्याच्या हातून हजारो जेवले, त्याला तुकड्याची काळजी! माझ्या मते समृद्धीची खरी ओळख इथे पटते. रेलचेल झाली की माणूस टाकायला शिकतो; इथे पोटभर मिळाल्यावरही अन्नाचा मान राहतो. तुकड्यांनी 12 टोपल्या भरल्या. शिष्यही बाराच. पुरायचे नाही म्हणणाऱ्यांना उरलेले वेचायला वाकावे लागले.